पदवीधर, सरकारी धोरण आणि आंब्याचा मोहोर

गेल्या फाल्गुनांत मालगुंडास आमच्या शेजारच्या एका बागाइतदारांनीं प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्यांची कन्या दापोलीच्या कृषि विद्यापीठाची पदवीधर आहे. एक वर्ष तिनें एका कलमांच्या रोपवाटिकेंत काम केलें. आतां सरकारच्या एका फेलोशिपसाठीं अर्ज करावा असें तिच्या मनांत आहे. वडील म्हणाले, "अण्णा, ही नोकरी म्हणावी तर कायमची नव्हे, शिक्षण म्हणावें तर तसेंहि दिसत नाहीं. वर्ष संपलें कीं मुलगी पुन्हां घरीं. मग हें आहे तरी काय, आणि बागाइतदाराच्या घरास त्याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या त्या गृहस्थांचा नाहीं. आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं मुलें व मुली हल्लीं विज्ञानाच्या, शेतकीच्या किंवा यंत्रशास्त्राच्या पदव्या घेऊन घरीं येतात, आणि पुढें मुंबईची वाट धरावी कीं बाग पाहावी एवढे दोनच मार्ग त्यांस दिसतात. या दोहोंहून निराळा असा एक तिसरा मार्ग गेल्या पंधरा वर्षांत आपल्या देशांत उघडला आहे. त्याची माहिती जेवढी मिळविता आली तेवढी येथें क्रमानें देतों.

धोरण म्हणजे काय?

धोरण हा शब्द ऐकिला म्हणजे मंत्रालयांतील फायली डोळ्यांपुढें येतात, आणि आपला त्यांशीं संबंध नाहीं असें शेतकऱ्यास वाटतें. परंतु या शब्दाचा अर्थ आपल्याच बागेंत उभें राहून उत्तम समजतो. उदाहरणादाखल आंब्याचा विमा घेऊं.

हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत झाडापाशीं येऊन नुकसान कोणी पाहत नाहीं. महसूल मंडळांत हवामान नोंदणारें स्वयंचलित यंत्र बसविलेलें असतें. अवेळीं पाऊस किती झाला, थंडी किती उतरली, उष्मा किती चढला, याची नोंद तें घेतें. ठराविक तारखांच्या आंत त्या नोंदीनें ठराविक मर्यादा ओलांडली म्हणजे त्या मंडळांतील विमेदार बागाइतदारांस भरपाई देय होते. या पद्धतीचा गुण असा कीं, पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाहीं व कोणाची मनधरणी करावी लागत नाहीं. दोष असा कीं, यंत्रावर पडलेला पाऊस आणि झाडावर पडलेला पाऊस हे नेहमीं एकच असतात असें नाहीं. समुद्रकांठचें गांव आणि दोन डोंगरांपलीकडचें गांव यांचें हवामान एक कसें असेल?

आतां यांत प्रश्न किती आहेत तें पाहावें. पहिला, यंत्र कोठें बसवावें? दुसरा, मर्यादा किती धरावी? मोहोरावर पाऊस पडला म्हणजे करपा व भुरी बळावतात, हें सर्वांस ठाऊक आहे; पण किती पावसानें किती मोहोर जातो? थंडी लांबली म्हणजे झाडास पुन्हां मोहोर येतो आणि पहिल्या मोहोराचीं बारीक फळें गळतात. पण किती अंश, आणि किती रात्रीं? मार्चांतील उन्हानें फळ गळतें व भाजतें. पण कोणत्या अंशापासून? तिसरा, मोहोराचा हंगामच मागेंपुढें सरकूं लागला असतां तारखा कायम ठेवणें न्याय्य आहे काय?

यांपैकीं कांहीं प्रश्नांस शास्त्र उत्तर देऊं शकतें. परंतु मर्यादा खालीं आणली तर विम्याचा हप्ता चढतो. यंत्रें वाढविलीं तर खर्च वाढतो. आणि तो खर्च बागाइतदारानें, राज्यानें कीं केंद्रानें सोसावा, हें शास्त्र सांगत नाहीं. तें राज्यकर्त्यांनीं ठरवावयाचें असतें. शास्त्रानें जें सांगितलें तें राज्यकर्त्यांस समजेल अशा रीतीनें मांडणें, आणि राज्यकर्त्यांस जें हवें तें शास्त्रज्ञांस नीट विचारणें, या दोन कामांच्या मध्यें जी जागा आहे, तिला विज्ञान-धोरणाची जागा म्हणतात. ती जागा आपल्याकडे बहुधा रिकामी असते.

दुसरें उदाहरण फळमाशीचें. आंब्यांत फळमाशीच्या अळ्या सांपडल्या म्हणून युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतांतील आंब्यास बंदी केली, आणि ती २०१५ च्या आरंभीं उठविली. दापोलीच्या विद्यापीठानें तयार केलेला रक्षक सापळा आपल्यांपैकीं कित्येकांच्या बागेंत टांगलेला आहे. त्यांतील मिथिल युजेनॉलच्या वासानें नर माशा येऊन अडकतात. परंतु एकट्यानें सापळे टांगले आणि शेजाऱ्यानें किडकीं फळें झाडाखालीं तशींच कुजूं दिलीं, तर माशीस कुंपण ठाऊक नाहीं. सापळा हें शास्त्र झालें. साऱ्या गांवानें एकाच वेळीं सापळे लावावे, किडकीं फळें पुरावीं, परदेशीं जाणाऱ्या मालावर उष्णजलाची प्रक्रिया व्हावी आणि तिची सोय बागाइतदाराच्या आवांक्यांत असावी, ही व्यवस्था म्हणजे धोरण झालें.

जुनी परंपरा

तरुण विद्वानास कांहीं काळ वृत्ति देऊन सार्वजनिक कामासाठीं तयार करावें, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास विद्वानांस दक्षिणा वांटीत. इंग्रजी अमलांत त्या निधीचें रूप पालटलें. त्यांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं व महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे असे दक्षिणा फेलो होते. मालवणास जन्मलेले व रत्नागिरीच्या शाळेंत शिकलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेहि होते.

आपल्याच जिल्ह्यांतील कोतळूकचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे आमच्या मालगुंडच्या कवि केशवसुतांप्रमाणेंच १८६६ सालीं जन्मले. त्यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदानें पहिलीं पांच वर्षें अभ्यासांत व देशपर्यटनांत घालवावीं असा दंडक ठेविला. १९१५ सालीं आफ्रिकेंतून परत आलेल्या गांधीजींसहि त्यांनीं सल्ला दिला तो हाच, कीं एक वर्ष देश पाहावा आणि तोंवर जाहीर मत देऊं नये. आधीं पाहणें व मग बोलणें, हा या साऱ्या शिक्षणाचा पाया आहे.

पाहणी कशी करावी याचा धडा शेतकीच्या क्षेत्रांतच मिळतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एका गांवाची जमीन, कर्ज व मजुरी यांची बारकाईनें पाहणी करून १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें कानिटकर यांच्या साह्यानें जातेगांव बुद्रुक या दुसऱ्या गांवाची पाहणी केली, ती १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. वांटण्या होतां होतां जमिनीचे किती बारीक तुकडे पडले आहेत, हें या पाहण्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. मुंबई इलाख्यांत तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला तो १९४७ सालीं. पाहणी आणि कायदा यांमध्यें तीस वर्षें गेलीं. धोरणाचें काम आंब्याच्या रायवळ रोपासारखें आहे. फळ लावणाऱ्याच्याच हातीं येईल अशी खात्री नसते.

हल्लींच्या योजना

आधुनिक स्वरूपाची विज्ञान-फेलोशिप अमेरिकेंत १९७३ सालीं सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संघानें तरुण शास्त्रज्ञांस एक वर्ष लोकप्रतिनिधींच्या कचेरींत काम करण्यास पाठविण्याचा उपक्रम आरंभिला, तो अद्याप चालू आहे. आपल्या देशांत २०१० सालापासून दिल्लींतील पीआरएस या संस्थेनें खासदारांच्या मदतीस तरुण पदवीधर देण्यास आरंभ केला. विधेयकांचा अभ्यास करून टिपणें काढणें हें त्यांचें काम. २०१२ सालीं केंद्र सरकारनें पंतप्रधान ग्रामविकास फेलो नेमून त्यांस गडचिरोलीसारख्या मागास जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालीं पाठविलें. ती योजना पुढें बंद झाली. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें धोरणाच्या संशोधनासाठीं कांहीं विद्यासंस्थांतून केंद्रें काढलीं आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील केंद्र हें त्यांपैकीं एक होय.

आपल्या राज्यांतील मुख्य योजना म्हणजे मुख्यमंत्री फेलोशिप. ती २०१५ सालीं सुरू झाली, मध्यंतरीं तिला खंड पडला, आणि २०२३ सालीं ती पुन्हां चालू झाली. त्या वेळीं तिला मुंबईच्या आयआयटीच्या सार्वजनिक धोरणविषयक शिक्षणक्रमाची जोड मिळाली. कारभार अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे आहे. २०२५-२६ सालच्या योजनेचे मुख्य नियम असे: जागा ६०, त्यांपैकीं एकतृतीयांश मुलींस, वय २१ ते २६, कोणत्याहि शाखेची पदवी, गुण निदान शेंकडा ६०, एक वर्षाचा कामाचा अनुभव, मराठी भाषेचें व संगणकाचें ज्ञान. प्रथम संगणकावर परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत, या क्रमानें निवड. मानधन दरमहा ५६,१०० रुपये व प्रवासादि खर्चास ५,४०० रुपये. मुदत बारा महिने. नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात. म्हणून अर्ज करणारानें त्या त्या वर्षाची जाहिरातच प्रमाण मानावी.

या फेलोंस जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, महानगरपालिका किंवा मंत्रालयांतील खातें यांच्याकडे नेमितात. शाळा, पाणीपुरवठा, शेतकी, आरोग्य असें कोणतेंहि काम वांट्यास येतें. शेतकीच्या पदवीधरास शेतकीचेंच काम मिळेल असें नाहीं, हें आधींच समजून असावें.

याशिवाय विद्यार्थिदशेंतच हें काम शिकण्याची एक वाट आहे. मुंबईच्या आयआयटींत १९८५ सालापासून ग्रामीण भागास उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानाचें 'सितारा' नांवाचें केंद्र आहे. तेथील विद्यार्थी खेड्यांत राहून प्रत्यक्ष प्रश्नांचा अभ्यास करितात. आपल्या कोंकणांतील कर्जत तालुक्यांत पिण्याच्या पाण्याच्या योजना कां फसतात, याचा तपास त्यांनीं केला. टांकी किती उंचीवर आहे, नळाचा व्यास किती, शेवटच्या वाडीस पाणी किती पोंचतें, असें एकेक मोजून त्यांनीं दोष कोठें आहे तें दाखविलें. पुढें याच अनुभवावर २०१६ सालीं 'उन्नत महाराष्ट्र अभियान' निघालें. जिल्ह्यांतील यंत्रशास्त्राच्या महाविद्यालयांनीं आपल्या जिल्ह्यांतील कामांचा अभ्यास करावा असा त्याचा हेतु. मराठवाडा व विदर्भ येथील सुमारें ५ हजार गांवांसाठीं २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत गांवाच्या पाण्याचा जमाखर्च मांडण्याची जी रीत वापरली, तीहि याच संस्थेच्या साह्यानें बसविलेली आहे.

गुण आणि दोष

एखादी गोष्ट चांगली म्हणून सांगावयाची तर तिच्या उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. एक वर्ष हा काळ थोडा आहे. पहिले तीन महिने कचेरींतील माणसें व भाषा समजण्यांत जातात, शेवटचे दोन अहवाल लिहिण्यांत व पुढच्या नोकरीच्या शोधांत. राहिलेल्या सात महिन्यांत एक काम नीट झालें तरी पुष्कळ झालें. फेलोच्या हातीं अधिकार नसतो. वरिष्ठास त्याचें काम पटलें तर तें चालतें, वरिष्ठाची बदली झाली कीं तें कपाटांत जातें. इंग्रजी चांगलें बोलणाऱ्या शहरी मुलांस परीक्षेंत जें सोपें जातें, तें खेड्यांतील मुलास जड जातें. आणि ज्यास वाफा ठाऊक नाहीं अशा हुशार मुलानें केवळ आंकड्यांवरून शेतकऱ्याविषयीं मत बनविलें तर त्यापासून लाभापेक्षां हानिच अधिक.

याच कारणास्तव आपल्या घरांतील मुलांनीं या मार्गास जावें असें प्रस्तुत लेखकास वाटतें. ज्या मुलीनें लहानपणीं मोहोरावरील तुडतुडे पाहिले आहेत, आणि साक्यानें आंतून पांढरें पडलेलें फळ आईनें टाकून दिलेलें पाहिलें आहे, तिला विम्याच्या तक्त्यांतील एक तारीख चुकीची आहे हें चटकन् दिसेल. दुसऱ्यास तें समजण्यास तीन महिने लागतील. अनुभव आणि शास्त्र एका डोक्यांत असणें ही मोठी सोय आहे. आणि वर्ष संपून ती घरीं आली तरी कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हें ज्ञान गांवांत येतें, तें निराळेंच.

आपलें काम

येथें एक अनुभव नमूद करणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माघांत एका रात्रीं लेखकाच्या बागेंत पाऊस झाला. आठवड्याच्या आंत मोहोर काळा पडला, आणि त्या वर्षीं पेट्या निम्म्यावर आल्या. विम्याची चौकशी केली तेव्हां असें कळलें कीं, यंत्राच्या नोंदींत त्या रात्रींचा पाऊस मर्यादेस पोंचलेला नाहीं. सबब भरपाई नाहीं. मनास वाईट वाटलें, शब्दहि कडक निघाले. परंतु समोरच्या तरुणानें शांतपणें विचारलें, "काका, आपल्या बागेंत किती पाऊस झाला?" मी म्हणालों, "पुष्कळ." तो म्हणाला, "पुष्कळ म्हणजे किती?" त्यास द्यावयास मजजवळ आंकडा नव्हता. तो मनुष्य चुकला असें मी म्हणूं शकत नाहीं. आणि माझा मोहोर गेला हेंहि खोटें नव्हतें. दोन्ही गोष्टी खऱ्या असूनहि त्या एकमेकींस भेटल्या नाहींत.

तेव्हां फेलो कितीहि हुशार असला तरी आपणांकडे नोंद नसेल तर तो काय करील? राज्यांत २०१७ पासून महावेध प्रकल्पानें दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित यंत्रें बसविलीं. २०२३ सालीं केंद्र सरकारनें 'विंड्स' नांवाची योजना काढली. ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक असावा हा तिचा उद्देश आहे. हें सर्व होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत सभासदांनीं पुढील गोष्टी आपण होऊन कराव्या.

पहिली, निदान दर वाडींत एक साधा पर्जन्यमापक ठेवावा. तो झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागीं, सपाट बसवावा. आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाणी मोजून वहींत तारीखवार लिहावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हें ध्यानांत ठेवावें. ज्या दिवशीं पाऊस नाहीं त्या दिवशीं शून्य लिहावें. जागा कोरी ठेवूं नये. कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता कीं पाहणारा नव्हता, हें पुढें कोणास कळत नाहीं.

दुसरी, त्याच वहींत मोहोर केव्हां फुटला, फळ वाटाण्याएवढें केव्हां झालें, पुन्हां मोहोर आला काय, फवारणी कोणती केली, पेट्या किती निघाल्या, हें लिहावें. पांच वर्षांच्या अशा दहा वह्या जमल्या म्हणजे मर्यादा कोठें चुकते हें सांगणारा पुरावा तयार होतो. शासकीय यंत्राची जागा त्या घेणार नाहींत. परंतु यंत्राची जागा किंवा मर्यादा बदलावी असें मागतांना अर्जाबरोबर जोडावयास त्या उपयोगी पडतील.

तिसरी, जिल्ह्यांत फेलो म्हणून जो कोणी येईल त्यास आपल्या संस्थेनें एकदां बोलवावें; पण हार-नारळ देऊन भाषण करावयास नव्हे. त्यास बाग दाखवावी, वह्या दाखवाव्या, आणि एकच प्रश्न नीट समजावून द्यावा. दहा मागण्यांचें निवेदन हातीं दिलें तर त्यांतील एकहि तडीस जात नाहीं, हें आपण पुष्कळदां पाहिलें आहे.

चौथी, संस्थेच्या वार्षिक शिलकेंतून एका पदवीधरास सहा महिन्यांची लहानशी वृत्ति देतां येईल काय, याचा कार्यकारी मंडळानें विचार करावा. त्यानें तालुक्यांतील वह्या एकत्र कराव्या, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रांतील व दापोलींतील तज्ज्ञांस भेटावें, आणि मराठींत वीस पानांचा अहवाल सभासदांपुढें वाचून दाखवावा. सरकारनेंच वृत्ति द्यावी आणि मुंबईंतच धोरण लिहावें, असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं.

शेजारच्या गृहस्थांस मीं एवढेंच सांगितलें, कीं ही नोकरी नव्हे हें खरें. ही एक वर्षाची उमेदवारी आहे. सुताराचा मुलगा जसा दुसऱ्या सुताराच्या हाताखालीं राहतो, तसें राज्य कसें चालतें हें जवळून पाहण्याचें हें एक वर्ष. मुलगी जावयास सिद्ध असेल तर अडवूं नये. मात्र जाण्यापूर्वीं तिनें एक काम करून जावें.

तें काम झालें. त्यांच्या अंगणापलीकडे, विहिरीच्या पूर्वेस, मोकळ्या जागीं पर्जन्यमापक बसला आहे. अर्जाचा निकाल लागावयाचा आहे. वही तिचे वडील लिहितात, आणि चैत्रांतील सर्व रकाने, शून्यासहित, भरलेले आहेत.